डग्गा ऐकू यावा म्हणून: कंपनी स्टिरिओला वूफर आणि अ‍ॅम्प

मी तबला शिकवते. गाडीत एखादं जुनं रेकॉर्डिंग लावलं की चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, 'ना' खणखणीत यायचा आणि 'धिं'मधला डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर मारलेली टिचकी. दारातल्या छोट्या स्पीकरांचा त्यात गुन्हा नाही. साधारण शंभर हर्ट्झच्या खाली त्यांचा दम सुटतो, आणि डग्ग्याचा घुमारा बराचसा तिथेच असतो. स्टिरिओवर बेस वाढवला तर घुमारा येत नाही, दाराचा पत्रा तेवढा थरथरतो.

म्हणून मागच्या वर्षी एका दुकानात वूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, आणि त्याला ताकद देणारा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बसवून घेतला. घरी येताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून 'कुंईऽऽ' असा आवाज चढायचा, पाय काढला की उतरायचा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, असं थोडं येतंच." येत नाही. दोन रविवार घालून मी ते सगळं उपसलं आणि पुन्हा बसवलं. त्या दोन रविवारी जे कळलं ते हे.

सामान माझं साधं आहे: १२ इंची, ४ ओहमचा वूफर, बंद बॉक्समध्ये, आणि ४ ओहमला २०० वॅट आरएमएस (सतत देता येणारी ताकद) देणारा क्लास डी (वीज कमी वाया घालवणारा) मोनो (एकाच चॅनेलचा) अ‍ॅम्प. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले दोन-तीन हजार वॅट विसरा, आत बारीक अक्षरात आरएमएस लिहिलेलं असतं तेवढंच खरं. बंद बॉक्स मुद्दाम घेतला. भोक असलेला पोर्टेड बॉक्स तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देतो, मिरवणुकीला तो शोभतो. तबल्यात मात्र बोल वाजला की संपलाही पाहिजे, तो मागे रेंगाळला की लय चिकट होते. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर बॉक्सचा नाद सोडा आणि सीटखाली बसणारा, आतच अ‍ॅम्प असलेला चपटा वूफर बघा. पुढचं वायरिंग जवळपास तेच.

वायरचा विषय सोडून बाकी सगळ्यात काटकसर चालेल. २०० वॅटच्या क्लास डी अ‍ॅम्पला पूर्ण जोरात सुमारे १८ अँपियर लागतात, त्याला ८ गेजची केबल पुरते. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, इथे लोक फसतात. योगायोगाने ८ गेज म्हणजे साधारण ८ स्क्वेअर एमएम, त्यामुळे इलेक्ट्रिकच्या दुकानातही विचारता येतं. तयार किटमध्ये बहुतेकदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडने खरवडा: आत पांढरी निघाली तर ती घेऊ नका. तेवढ्याच जाडीत ती वीज बरीच कमी वाहते आणि पावसाळ्यात जोडाशी लवकर खराब होते. मी केबल, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) आणि श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणली.

काम सुरू करताना १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. बॅटरीकडून येणारी पॉझिटिव्ह केबल फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या) रबरी ग्रोमेटमधून (भोकाच्या कडेला बसणाऱ्या रिंगमधून) आत घ्या. पत्र्याला नवं भोक पाडलंच तर ग्रोमेट घातल्याशिवाय वायर ओढायची नाही, कारण पत्र्याची धार सहा महिन्यांत आवरण कापते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात, माझा ३० अँपियरचा. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्प वाचवतो, हा गाडी वाचवतो. मध्येच केबल बॉडीला टेकली तर हा नसताना आग लागायला काही सेकंद पुरतात. दुकानदाराने हा फ्यूज डिकीत, अ‍ॅम्पशेजारी लावला होता! फ्यूजची पट्टी मात्र सगळं जोडून झाल्यावर शेवटी घालायची.

पॉवर केबल डाव्या दाराच्या पट्टीखालून नेली, सिग्नलची वायर उजवीकडून. सीटखाली आणि खांबांपाशी पिवळे कपलर दिसतील. ते एअरबॅग आणि सीटबेल्टचे असतात, त्यांना हात लावू नका, त्यांच्यावरून वायर बांधूही नका.

आता अर्थिंग. माझ्या 'कुंईऽऽ'चं मूळ इथे सापडलं. अ‍ॅम्पची काळी वायर सीटच्या बोल्टखाली दाबलेली होती आणि बोल्टखाली जाडजूड रंग! रंग वीज नेत नाही, मग अ‍ॅम्पची अर्थ आणि स्टिरिओची अर्थ यांत फरक पडतो आणि त्या फरकातून अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) आवाज गाण्यात शिरतो. डिकीतला गालिचा उचलून बॉडीचा जाड पत्रा शोधा. भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली वाकून बघा, पलीकडे पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी असू शकते. रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल क्रिम्प करा (वायरीवर दाबून घट्ट बसवा), दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वरून रंगाचा हात द्या, नाहीतर जुलैपर्यंत गंज चढतो. ही वायर हातभरापेक्षा लांब नको आणि पॉवर केबलइतकीच जाड हवी. तपासायचं असेल तर गाणं जोरात लावून मल्टीमीटरची एक पिन अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. माझ्याकडे आधी जवळपास अर्धा व्होल्ट दाखवत होता, घासल्यावर ०.०५.

कंपनीच्या स्टिरिओला मागे सहसा आरसीए (अ‍ॅम्पकडे सिग्नल नेणाऱ्या वायरींचे सॉकेट) नसतात, म्हणून पुष्कळ जण स्टिरिओच बदलतात. गरज नाही. अ‍ॅम्पला हाय लेव्हल इनपुट असेल तर मागच्या स्पीकरांच्या वायरींतूनच सिग्नल घ्यायचा. नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर (स्पीकरचा जोरदार सिग्नल आरसीएजोगा हलका करणारी डबी) लागतो. मूळ वायर कापू नका, वॉरंटीच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहत नाही. गाडीच्या मॉडेलचा जोड-कपलर मिळतो, तो मध्ये बसवा. कुठली वायर कुठल्या स्पीकरची हे रंगांवरून ठरवू नका. कपलर स्टिरिओतून काढा आणि दोन वायरींना घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ज्या स्पीकरमधून 'टक' येईल तो तुमचा, आणि स्पीकरचा पडदा बाहेर उचलला गेला तर सेलची पॉझिटिव्ह जिथे आहे ती वायर पॉझिटिव्ह. स्पीकरची निगेटिव्ह मात्र कधीही बॉडीला लावू नका. या स्टिरिओंत दोन्ही वायरींवर साधारण सहा व्होल्ट उभे असतात, बॉडीला टेकली की आतला आयसी (चिप) जाऊ शकतो.

याच सहा व्होल्टवरून काही अ‍ॅम्प स्टिरिओ सुरू झाल्याचं ओळखतात. माझ्या अ‍ॅम्पला ते जमत नव्हतं, त्याला रिमोटची ('चालू हो' सांगणारी) वेगळी वायर लागते. ती मी फ्यूज बॉक्समधून घेतली आणि घाईत सतत चालू राहणाऱ्या फ्यूजवर टोचली. रविवारी संध्याकाळी काम संपलं, मंगळवारी सकाळी गाडी नुसती टकटक. अ‍ॅम्प गप्प बसूनही ०.७ अँपियर ओढत होता. छत्तीस तासांत पंचवीस अँपियर-तास गेले, बॅटरी पस्तीसची. रिमोट चावी फिरवल्यावरच जागा होणाऱ्या फ्यूजवर घ्या आणि चावी काढून मीटरने शून्य व्होल्ट बघून घ्या.

गेनचं बटण आवाज वाढवण्यासाठी नसतं, स्टिरिओ आणि अ‍ॅम्प यांची पट्टी जुळवायला असतं. हे तबलजीला सांगावं लागत नाही, हातोडीने गठ्ठे ठोकायचे आणि सुरात आलं की थांबायचं. वूफरची वायर काढून ठेवा. स्टिरिओवर बेस-ट्रेबल मधोमध, अ‍ॅम्पवरचा बेस बूस्ट शून्य, गेन शून्य. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, मोबाइलचा आवाज पूर्ण, स्टिरिओचा तीन-चतुर्थांश. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. हिशोब: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २०० गुणिले ४ म्हणजे ८००, वर्गमूळ २८. गेन हळूहळू फिरवत २८ व्होल्टला थांबा. मी २५वरच थांबले. कंपनी स्टिरिओ वरच्या आवाजाला स्वतःच फाटायला लागतो आणि तो फाटका सिग्नल वूफरची कॉइल जाळतो. टोन ५० हर्ट्झचाच घ्या, कारण स्वस्त मीटर घरच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि त्याच फ्रिक्वेन्सीला नीट मोजतात.

नंतर वूफर जोडा, लो पास (त्यावरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवा. फेजचं बटण (वूफर दारातल्या स्पीकरांबरोबर हलतो की उलट, हे ठरवणारं) ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायचं: कोणाला तरी डिकीपाशी उभं करून ० आणि १८० फिरवायला लावा, ज्यात डग्गा भरीव वाटेल तो ठेवा. माझ्याकडे १८० निघाला, लेकीने चार वेळा फिरवून कंटाळून सोडलं.

बॉक्स पट्ट्याने बॉडीला बांधायचाच. पंधरा किलोचं लाकूड जोरात ब्रेक लागला तर मागच्या सीटवर येतं.

राहता राहिली खडखड. माझ्या गाडीत ती डिकीवरच्या नंबर प्लेटची निघाली. हाय सिक्युरिटी प्लेट काढता येत नाही, म्हणून कडेने मागे फोमच्या पट्ट्या सरकवल्या. पार्सल ट्रेच्या टेकण्यांवर जुन्या गादीचं कापड चिकटवलं. आठवड्याभराने अर्थिंगचा आणि बॅटरीचा बोल्ट पुन्हा आवळला, दोन्ही पाव फेरा फिरले.