पोटात एक, कडेवर एक: शहराची सहल आखताना या चुका टाळा

दोन-तीन दिवस एखाद्या शहरात फिरून यायचं, ही कल्पना गरोदरपणात मुळीच वाईट नाही. धाकटं आलं की पुढे बरेच महिने घराबाहेर पडणं हीच एक मोहीम होते, हे पहिलं मूल असणाऱ्यांना सांगायला नको. सहल फसते ती बहुधा एकाच कारणाने. आखणी करताना आईला नेहमीसारखंच धरलं जातं: बॅग उचलणारी, पोराला कडेवर घेणारी, रात्री सगळे झोपले की उद्याचे कपडे काढून ठेवणारी. म्हणून आखलेला प्रत्येक दिवस एकदा तपासा. दुपारी आई म्हणाली, ‘मी खोलीवर जाऊन जरा पडते,’ तर बाकीच्यांचा दिवस पुढे सरकेल का? सरकणार नसेल तर त्या दिवसातलं काहीतरी काढून टाका.

‘आता चालतो की तो’ म्हणून बाबागाडी घरी ठेवणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. मूल बागेत तासभर पळतं, म्हणून शहरातही चालेल असं वाटतं. चालतंही, सकाळी. संध्याकाळी सहाच्या सुमारास ते फुटपाथवर बसकण मारतं आणि ‘आईच पाहिजे’ म्हणून हात वर करतं. बाबांनी उचललं की आकांत. तीन वर्षांचं मूल साधारण १४ किलोचं असतं. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल झालेले असतात, पोटामुळे तोल पुढे गेलेला असतो. अशात कमरेतून वाकून ते वजन उचललं तर पाठ धरायला वेळ लागत नाही.

घडीची हलकी बाबागाडी न्याच, मूल चार वर्षांचं असलं तरी. लोक बघतील तर बघू देत. पाठीवर किंवा छातीवर बांधायचं कॅरिअर असेल तर ते बाबांच्या अंगावर. ‘आईच पाहिजे’वर तोडगा मात्र घरूनच सुरू करावा लागतो: आई खाली बसून कुशीत घेते, उचलतात ते बाबा. हे निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून रोज करा, कारण नवखा नियम परक्या जागी, दमलेल्या अवस्थेत कुठलंच मूल ऐकत नाही. आणि मेट्रोने फिरणार असाल तर कोणत्या स्टेशनांवर लिफ्ट आहे ते आदल्या रात्री पाहून ठेवा. सरकत्या जिन्यावर बाबागाडी चढवणं धोक्याचं आहे, आणि साध्या जिन्यावर एकटे बाबा मूल, गाडी आणि सॅक तिन्ही नेऊ शकत नाहीत.

तिकिटं आधी, डॉक्टर नंतर

क्रम उलटा हवा. साधारण १४ ते २८ आठवड्यांचा काळ प्रवासाला बरा मानतात: मळमळ बरीच ओसरलेली असते, पोटाचा भार अजून आलेला नसतो. पण वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, जुळं असेल किंवा आधीचं बाळंतपण वेळेआधी झालेलं असेल तर हा हिशेब बदलतो, आणि तो डॉक्टरांनीच मांडायचा.

विमानाने जाणार असाल तर कंपनीचा नियम वाचा. बऱ्याच कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर, जुळं असल्यास ३२ नंतर, बसू देत नाहीत. आठवडे मोजायचे ते परतीच्या तारखेला, जायच्या नव्हे. इथे पुष्कळ जण चुकतात. प्रवासविम्यात गरोदरपणातली गुंतागुंत धरली आहे का आणि कितव्या आठवड्यापर्यंत, हेही पाहा. विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं हे खरं, पण सातव्या महिन्यात मांडी उरते कुठे? वेगळी सीट घ्या किंवा मांडी बाबांची. आईला मधल्या वाटेलगतची सीट द्या आणि लांबच्या प्रवासात तिने अधूनमधून उठून चालावं. बराच वेळ बसून राहिल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात वाढलेला असतो.

टॅक्सीत मूल मांडीवर

‘पाच मिनिटांचा तर रस्ता आहे.’ नेमकं हेच टाळायचं. जोराचा ब्रेक लागला तर मूल पोटावर आदळतं किंवा पुढे फेकलं जातं. दोघांभोवती मिळून एक पट्टा तर कधीच नको. मुलासाठी कार सीट असलेली गाडी आधी ठरवा, नाहीतर बस किंवा मेट्रो धरा. आईने पट्टा लावायचाच: खालचा पोटाच्या खालून, मांड्यांना लागून, वरचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा नको.

नकाशावरची ‘१५ मिनिटं’

नकाशा सांगतो ती वेळ एकट्या, रिकाम्या हाताच्या माणसाची असते. तुम्ही ती दुप्पट धरा. सकाळी एक ठिकाण, संध्याकाळी जमलं तर दुसरं, दुपार खोलीवर. स्वस्त म्हणून लांबचं हॉटेल घेतलं की ही दुपार हातची जाते, त्यामुळे खोली लहान चालेल पण मध्यावर हवी. स्वच्छतागृहं नकाशावर खूण करून ठेवा. आई आणि मूल दोघांनाही घाई एकदमच होते. संग्रहालयाला जाणार असाल तर साप्ताहिक सुट्टीचा वार पाहा, बऱ्याच ठिकाणी तो सोमवार असतो. करमणूक पार्कमध्ये झटके देणाऱ्या पाळण्यांत गरोदर बाईने बसू नये, आणि लहान मुलांना पुष्कळ पाळण्यांत सोबत मोठं माणूस लागतं. म्हणजे मुलं दोन असली तरी बसणारे बाबा एकच. हे तिकीट काढण्याआधी लक्षात आलेलं बरं.

उशाशी ठेवलेल्या गोळ्या

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. घरी लोहाच्या गोळ्या वरच्या कपाटात असतात, हॉटेलात त्या पर्समध्ये किंवा पलंगाजवळच्या टेबलावर येतात. लहान मुलाने त्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. खोलीत शिरल्यावर बॅग उघडण्याआधी उंचावरची किंवा कुलपाची जागा शोधा. मुलाने एखादी गोळी गिळल्याची शंका जरी आली तरी त्रास दिसायची वाट न पाहता दवाखाना गाठा.

तिथे गेल्यावर बिनसलं तर

पोट कडक होऊन सुटत असेल तर बसा, पाणी प्या, कुशीवर पडा. बहुतेक वेळा थांबतं. ठरावीक अंतराने येत राहिलं तर थांबणार नाही असं समजा आणि रुग्णालय गाठा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधुक होणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, एकाच पायाला सूज येऊन दुखणं, ताप: यातलं काहीही झालं तर ‘घरी जाऊन दाखवू’ म्हणू नका. मुक्कामाजवळचं प्रसूती विभाग असलेलं रुग्णालय आधीच शोधून ठेवा. फाइलचे, रक्तगटाचे, शेवटच्या सोनोग्राफीचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये हवेत. आणि रात्री बारा वाजता जायची वेळ आली तर आईसोबत कोण जाणार, झोपलेल्या मुलांपाशी कोण थांबणार, हे घरून निघण्याआधी ठरवा. त्या शहरात ओळखीचं कुणीच नसेल तर मुलांनाही बरोबर न्यावं लागेल, तेव्हा त्यांची एक छोटी बॅग दाराजवळ भरलेली ठेवा.