सोनेगावात शिकलेल्यांनी पहिल्यांदा अलास्कात उडताना

छोटं विमान उडवणाऱ्याने एकदा तरी अलास्कात जावं, असं माझं ठाम मत आहे. नागपुरातली मुलं दोनशे तास पुरे करून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) घेतात, पुढे टाइप रेटिंग (ठरावीक मोठं विमान उडवायची परवानगी) आणि मग एअरलाइनच्या जागांची वाट बघणं. या सगळ्यात हवामान स्वतः वाचून 'जायचं की नाही' हे एकट्याने ठरवायची वेळ क्वचितच येते. तिकडे ती रोज येते. मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर शिकलो आणि गेल्या उन्हाळ्यात अलास्कात उडून आलो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

कागदपत्रं आधी. आपल्या लायसन्सच्या आधारावर एफएए (अमेरिकेची नागरी विमान वाहतूक संस्था) प्रायव्हेट पायलटचं सर्टिफिकेट देते, पण त्याआधी ती आपलं लायसन्स डीजीसीएकडून (आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाकडून) तपासून घेते. यात दीड ते तीन महिने सहज जातात, म्हणून तिकीट नंतर काढा. तपासणी झाल्याचं पत्र आल्यावर एफएएच्या कार्यालयात स्वतः हजर राहावं लागतं आणि उडण्यापूर्वी इन्स्ट्रक्टरसोबत फ्लाइट रिव्ह्यू (उड्डाणाची उजळणी) करावा लागतो. या सर्टिफिकेटवर पैसे घेऊन उडता येत नाही. भाड्याचं विमान खडीच्या पट्टीवर उतरवायलाही बहुतेक ठिकाणी मनाई असते, ते करार वाचून आधीच विचारा.

आपल्याकडे एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) नंबर मिळाल्याशिवाय चाक हलत नाही. टॉवर सांगेल तेव्हा टॅक्सी, सांगेल तेव्हा टेकऑफ. डेनाली शिखराच्या पायथ्याशी असलेल्या टॉकीटना गावाच्या विमानतळाला टॉवरच नाही. आपण कुठे आहोत, काय करणार आहोत, हे सगळ्यांसाठीच्या फ्रीक्वेन्सीवर आपणच सांगायचं, इतरांचं ऐकायचं आणि आपापली जागा धरायची. उन्हाळ्यात पर्यटकांना हिमनदीवर नेणारी विमानं तिथे सारखी ये-जा करतात. पहिले दोन दिवस इन्स्ट्रक्टर शेजारी असू द्याच.

विमान मात्र सुखावतं. मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांत नागपूरची डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विमानाला हवा जितक्या उंचीवरची वाटते ती उंची, पाच हजार फुटांच्या आसपास जाते आणि सेसना कुंथत कुंथत वर चढते. तिकडच्या थंड हवेत तेच विमान झपकन उचलतं. या सुखाने हुरळून जाऊ नका, कारण तिथला धोका इंजिनात नाही, दरीत आहे.

आपल्या मुलखात दिशा चुकली तर कोराडीच्या चिमण्या दिसतात, अंबाझरी दिसतो. तिकडे एक दरी दुसरीसारखीच, आणि चुकीच्या दरीत शिरलेलं विमान समोरच्या भिंतीपाशीच थांबतं. मेरिल पास या खिंडीत अशा विमानांचे सांगाडे आजही पडलेले आहेत. ज्यांच्या नावाने तो पास आणि अँकरेज शहरातलं मेरिल फील्ड हे विमानतळ ओळखलं जातं, ते रसेल मेरिल हे अलास्कातल्या पहिल्या पिढीतले वैमानिक. १९२९ मध्ये तेही विमानासकट बेपत्ता झाले. चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांतला फरक विदर्भात नगण्य, तर अँकरेजला पंधरा अंशांच्या आसपास. हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) काढताना तो धरावाच लागतो.

रेल्वेचे रूळ धरून उत्तरेकडे विंडी पास या खिंडीच्या दिशेने जात असताना पुढे ढग उतरलेले होते, पण खाली फट स्पष्ट दिसत होती. मला ती पुरेशी वाटत होती. इन्स्ट्रक्टर बाईंनी फक्त विचारलं, आत्ता याच जागी मागे वळायचं तर किती रुंदी लागेल? हिशेब सोपा आहे. ९० नॉट वेगाला ३० अंश बँक (विमानाचा कडेला कल) ठेवली तर उलटं मागे वळायला साधारण साडेसातशे मीटर रुंदी लागते. वेग ७० वर आणला तर साडेचारशे. म्हणून दरीच्या मधोमध कधी उडायचं नाही. एका कडेला राहायचं, म्हणजे अख्खी रुंदी वळायला मिळते. आणि फट अरुंद होण्याआधीच वेग कमी करायचा. आम्ही तिथूनच वळलो. अख्ख्या प्रवासात मी शिकलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

निघण्यापूर्वी एफएएचे हवामान कॅमेरे बघा. राज्यात दोनशेहून जास्त ठिकाणी ते आहेत, दर दहा मिनिटांनी नवं चित्र येतं आणि शेजारी स्वच्छ दिवसाचं चित्र असतं, त्यामुळे कोणता डोंगर गायब आहे ते लगेच कळतं. अशी सोय आपल्या सातपुड्यात झाली तर किती बरं होईल!

जूनच्या मध्यात अँकरेजला दिवस एकोणीस तासांहून मोठा असतो. इथे ऊन आणि सूर्यास्त आपल्याला थांबवतात. तिथे काहीच थांबवत नाही आणि थकलेला वैमानिक उडतच राहतो. थांबायची वेळ सकाळीच ठरवून टाका.

विमानात प्रत्येकासाठी आठवड्याचा शिधा आणि डासांची जाळी, शिवाय एक कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, मासे पकडायचे गळ, सुरी, आग पेटवायचं साधन आणि इशारा द्यायची दोन साधनं ठेवणं हा तिथला कायदा आहे. हिवाळ्यात बर्फावर चालायचे जोडे आणि स्लीपिंग बॅगही लागते, आणि चारपेक्षा जास्त जण असतील तर वरच्या प्रत्येकासाठी लोकरी पांघरूणही. बहुतेक गावांना रस्ता नाही, तेव्हा हे सामान शोभेचं नाही. वजनाच्या हिशेबात ते आधी धरा, आपली बॅग नंतर.

उतरल्यावर पहिलं काम फ्लाइट प्लॅन (निघताना नोंदवलेला उड्डाणाचा आराखडा) बंद करणं. तो आपोआप बंद होत नाही, फोन किंवा रेडिओवरून कळवावं लागतं. दिलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने शोध सुरू होतो, आणि आपल्याला शोधायला निघणारा वैमानिकही त्याच दऱ्यांतून जाणार असतो.