इराणचा जन्मदर एवढ्या झपाट्याने का पडला, हे कसं समजून घ्यायचं

आधी 'मुस्लिम देश म्हणजे भरपूर पोरं' हे डोक्यातून काढा, नाहीतर पुढचं काही पटणारच नाही. मग आकडे बघा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एका बाईला सरासरी सहाच्या वर मुलं व्हायची, 2000 च्या सुमारास दोनच्या आसपास, आणि तेही चीनसारखी एका मुलाची सक्ती न करता.

सगळं श्रेय 1989 च्या सरकारी कुटुंब नियोजनाला देऊन मोकळं होऊ नका, घसरण त्याआधीच सुरू झालेली, इराकशी युद्ध चालू, महागाई, रेशन, त्यात लहान मुलं दगावायचं प्रमाण कमी होत होतं.

खरं उत्तर खेड्यात शोधा. तिथे गावोगावी आरोग्यघरं, त्यात 'बेहवर्ज' म्हणजे बहुतेकदा त्याच गावचा ट्रेनिंग घेतलेला माणूस नाहीतर बाई, घरोघरची नोंद ठेवणार, पोरांना लस देणार आणि तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या, कंडोमही तिथेच फुकट मिळायचे, शिवाय लग्नाआधी जोडप्याला क्लास कंपल्सरी. 1993 चा कायदाही बघा, तिसऱ्यानंतरच्या मुलाच्या सवलतीच काढल्या.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण मुलींची शाळा. 1979 च्या इस्लामी क्रांतीआधी खेड्यातल्या बहुतेक बायका निरक्षर होत्या, त्यांच्या लेकी शिकल्या, लग्नं लांबली, किती मुलं हवीत हे त्या बोलायला लागल्या.

खात्री करायची असेल तर पुढचंही बघा, 2012 पासून सरकारने उलटा सूर लावला, 2021 मध्ये जास्त मुलांसाठी कायदा केला, तरी दर दोनच्या खालीच आहे.