लिस्बनला जाताय? मग जेरोनिमोसचं चर्च असं बघा

लिस्बनला दोनच दिवस असले तरी त्यातली एक सकाळ बेलेमसाठी, म्हणजे शहराच्या नदीकाठच्या भागासाठी, राखून ठेवा. जेरोनिमोस मठ आणि त्याचं चर्च आपल्याकडच्या माणसाने तर बघायलाच हवं, कारण आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर पोर्तुगालच्या मनुएल राजाने जो 5 टक्के कर लावला होता त्यातून हे बांधलंय, म्हणजे आपल्याकडच्या व्यापाराचा पैसाही आहे हो यात! सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू झालं ते पुरं व्हायला जवळपास शंभर वर्षं लागली.

जायचं कसं, तर प्रासा दा फिगेरा किंवा काइश दो सोद्रेहून 15ई नंबरची ट्राम थेट मठापर्यंत नेते, पण ती खच्चून भरलेली असते, मला विचाराल तर काइश दो सोद्रेहून कश्काइशच्या लाइनची लोकल पकडा आणि बेलेमला उतरा, थोडं चालावं लागतं पण निवांत जाता येतं. सोमवारी मठ बंद असतो हे लक्षात ठेवा, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये मास, म्हणजे सामूहिक प्रार्थना असते तेव्हा कॅमेरा घेऊन फिरायला जाऊ नका. खांदे झाकतील असे कपडे घाला.

आता लाइनचं. चर्च आणि आतला दुमजली चौक, म्हणजे क्लॉयस्टर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लांबलचक रांग असते ती बहुतेक क्लॉयस्टरची. त्याचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, त्या दिवशीच्या वेळा पण तिथेच चेक करा, आणि उघडायच्या आधी जाऊन उभे राहा. नदीच्या बाजूचा तो प्रचंड कोरीव दरवाजा बघून सगळे तिथेच फोटो काढत बसतात पण आत शिरायचं ते पश्चिमेच्या लहान दारातून.

आत गेल्या गेल्या छत बुटकं आणि अंधार, घाई करून पुढे पळू नका, कारण डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे. दगडावर जहाज कोरलंय बघा. गामा वारला 1524 मध्ये कोचीनला, आधी तिथेच पुरला होता, नंतर पोर्तुगालला नेला आणि इथे आणला तो थेट 1880 मध्ये. उजवीकडे कवी कामोइंश, हा गोव्यात राहून गेलेला माणूस. तिथून चार पावलं पुढे टाकली की छत एकदम उंच जातं, खांब बारीक आणि तळापासून वरपर्यंत नक्षीने भरलेले, मान दुखेपर्यंत बघत राहावं असं आहे. 1755 च्या भूकंपात अर्धं लिस्बन कोसळलं पण हे टिकलं.

आणि हत्ती चुकवू नका!! अगदी पुढे वेदीजवळ राजा-राणींच्या कबरी आहेत, त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात. बरेच लोक गामाचा फोटो काढून मागे फिरतात, त्यांना हे दिसतच नाही.

बाहेर आलात की जवळच 1837 पासून चालू असलेलं पास्तेइश दे बेलेमचं दुकान आहे, गरम पास्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी टार्ट, घ्या, वर दालचिनी भुरभुरवा, पार्सलच्या रांगेपेक्षा आत बसायला जागा लवकर मिळते बऱ्याचदा. मग रस्ता ओलांडून नदीकाठी दर्यावर्दींचं स्मारक, त्यात गामा आहे, गोवा जिंकणारा आल्बुकेर्क आहे आणि गोंयकारांचा सायब फ्रान्सिस झेवियर पण आहे. जमिनीवरचा मोठा नकाशा बघा, कुठे कोणत्या साली पोचले ते लिहिलंय.

संध्याकाळी शहराच्या मध्यातल्या रोसियो चौकाजवळचं साओ दोमिंगोस चर्च नक्की करा. 1959 च्या आगीत जळलं, खांब तडकलेले तसेच ठेवलेत, मला तर जेरोनिमोसइतकंच आवडलं आणि फुकट आहे. बाकी सांता जुश्ताची जुनी लोखंडी लिफ्ट खालून बघितली तरी चालते, रांगेत तास घालवण्यासारखं काही नाही. 28 नंबरच्या ट्राममध्ये पाकीटमार असतात, पासपोर्ट हॉटेलवर ठेवा, आणि गुळगुळीत सोलचे बूट तर अजिबात नकोत, तिथल्या फरशा पावसात भयंकर निसरड्या होतात.