मोटारीचा स्टेनलेस सायलेन्सर घरी जोडताना

कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाडीच्या पोटाला चिखल आणि ओल इतकी धरून राहते, की साध्या लोखंडी सायलेन्सरची नळी प्रथम सांध्याजवळच गंजून फुटते. त्यामुळे अनेकजण स्टेनलेसची नळी आणून घरच्या आर्गॉन वेल्डिंगवर (आर्गॉन वायूच्या आवरणात विजेच्या आर्कने धातू वितळवून जोडण्याच्या यंत्रावर) स्वतः काम करू पाहतात. हे काम जमण्यासारखे आहे. परंतु ते टिकणार की नाही, हे सांध्याच्या बाहेरच्या चकाकीवर नव्हे, तर आतल्या बाजूवर ठरते.

प्रथम धातूची जात ओळखावी. ३०४ जातीच्या सरळ नळीला चुंबक जवळजवळ धरत नाही, ४०९ ला मात्र घट्ट धरतो. ३०४ ला ३०४ जोडायचे असेल, तर ३०८एल जातीचा फिलर रॉड, म्हणजे सांध्यात वितळवून भरायची सळी, घ्यावा. लोखंडी फ्लँज (नळीच्या टोकाची बोल्टने आवळायची चकती) जोडायचा असेल, तर ३०९एल घ्यावा. फ्लँजवर जस्ताचा मुलामा असल्यास तो आधी घासून पूर्ण काढावा, कारण जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच वेल्डिंग करावे आणि ऑक्सिजन सेन्सर आधी काढून ठेवावा. नळीच्या कडा फटीतून उजेड दिसणार नाही इतक्या नेमक्या जुळवाव्यात, स्टेनलेससाठीच राखून ठेवलेल्या ब्रशने घासाव्यात आणि अ‍ॅसिटोनने पुसाव्यात. अ‍ॅसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) पेटवू नये. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर येथे कदापि वापरू नये, कारण आर्कच्या सान्निध्यात त्यापासून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो.

आता मुख्य गोष्ट. माझ्या पहिल्या नळीवरचा सांधा बाहेरून सोनेरी, एकसारखा आला होता. काही महिन्यांनी तो तडकला तेव्हा नळी कापून पाहिली, तर आतून गुऱ्हाळातल्या कढईच्या काठाला करपलेल्या काकवीसारखा काळा, खडबडीत थर दिसला. टॉर्चचा, म्हणजे हातातल्या वेल्डिंगच्या दांडीचा, आर्गॉन सांधा फक्त बाहेरून झाकतो. आतल्या बाजूला वितळलेला धातू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावतो, त्यातले क्रोमियम जळते आणि गंजाला रोखणारी शक्तीच निघून जाते.

म्हणून नळीच्या आतही आर्गॉन भरावा. दोन्ही तोंडे अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करून एका तोंडातून वायूची नळी आत सोडावी आणि दुसऱ्या तोंडाला बारीक छिद्र ठेवावे. आर्गॉन हवेपेक्षा जड असल्याने तो खालून भरावा आणि छिद्र वरच्या बाजूला असावे. आतून ६० मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळीत सुमारे २.८ लिटर हवा असते. तिच्या पाचपट, म्हणजे १४ लिटर वायू मिनिटाला ५ लिटरच्या प्रवाहाने सोडण्यास जवळपास तीन मिनिटे लागतात. सांध्यावरही पट्टी लावून जेवढा भाग जोडायचा तेवढाच उघडावा, आणि शेवटचा तुकडा जोडताना आतला प्रवाह कमी करावा, नाहीतर आतल्या दाबाने वितळलेला धातू बाहेर ढकलला जातो.

दीड मिलिमीटर जाडीसाठी डी.सी. निगेटिव्हवर (टॉर्च ऋण टोकाला जोडून) ४० ते ६० अँपिअर पुरतात. समोरासमोर सहा टाके (नळी जागी धरणारे छोटे वेल्ड) मारून, २० ते २५ मिलिमीटरचे तुकडे आलटूनपालटून जोडावेत. स्टेनलेस लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते आणि उष्णता मात्र सावकाश पसरवते, त्यामुळे घाई केल्यास नळी वाकते. आर्क बंद केल्यावर टॉर्च लगेच उचलू नये, आठ-दहा सेकंद वायू चालू द्यावा. रुपेरी किंवा फिकट सोनेरी रंग चांगला. राखाडी रंग आला, तर उष्णता जास्त झाली किंवा वायू कमी पडला.

या धुरात आरोग्यास घातक असे षट्संयुजी क्रोमियम असते, म्हणून योग्य रेस्पिरेटर लावून मोकळ्या हवेत काम करावे. गाडीखालच्या खड्ड्यात आर्गॉन साचून गुदमरण्याचा धोका असतो, तिथे वेल्डिंग करूच नये.

नळी बसवण्यापूर्वी एक तोंड बंद करून दुसरीकडून ब्लोअरची हवा सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला, तर तेवढा भाग घासून, आत पुन्हा आर्गॉन भरूनच जोडावा. गळक्या सांध्यातून कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरू शकतो आणि त्याला वास नसतो.