डिफेन्समनच्या एक्सटेन्शनवर बोलताना या चुका टाळा

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, तिथल्या एखाद्या प्लेअरच्या एक्सटेन्शनची (त्याच टीमबरोबर वाढवलेल्या कॉन्ट्रॅक्टची) बातमी आली की पहिल्या दहा मिनिटांत आपल्या टोरंटोकडच्या मराठी मंडळींचा निकाल लागलेला असतो. "लुटलं राव", "याला एवढे?", "जीएमला (टीम जमवणाऱ्या जनरल मॅनेजरला) हाकला". कॉन्ट्रॅक्ट कितव्या सीझनपासून सुरू होतंय हेसुद्धा निम्म्यांनी वाचलेलं नसतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. फॉरवर्डच्या बाबतीत हे एकवेळ खपून जातं, गोल मोजा आणि बोला, पण डिफेन्समनचं (बचावाला मागे खेळणाऱ्याचं) गणित वेगळंय आणि तिथे दर उन्हाळ्यात त्याच त्या चुका ऐकून कान किटलेत, म्हणून लिहितोय.

नुसते डॉलर बघणं

ही सगळ्यात कॉमन. एडमंटनने जून 2025 मध्ये एव्हन बुशार्डला 4 वर्षांसाठी वर्षाला 10.5 मिलियन दिले तेव्हा जो तो एकच वाक्य घेऊन बसला होता, "अरे केल मकारला 9 आणि याला साडेदहा?" आता मकार भारी आहे यात वादच नाही. पण मकारने 9 मिलियन घेतले 2021 मध्ये, तेव्हा एनएचएलची सॅलरी कॅप (एका टीमने सगळ्या प्लेअर्सवर मिळून खर्च करायची कमाल मर्यादा) होती 81.5 मिलियन. बुशार्डचं डील सुरू होतं 2025-26 ला, तेव्हा कॅप 95.5. भागून बघा. दोघांचेही साधारण 11 टक्केच येतात! म्हणजे बुशार्डला मकारपेक्षा जास्त मिळाले नाहीत, तेवढेच मिळाले. ते तरी का द्यायचे यावर खुशाल भांडा, ते योग्य भांडण आहे.

आपल्या मॉर्गन रायलीचंच घ्या. 7.5 मिलियन, 8 वर्षं, सही ऑक्टोबर 2021 ची. तेव्हाच्या कॅपच्या 9 टक्क्यांच्या वर जात होते. 2026-27 साठी लीगने 104 मिलियनचा आकडा दिलाय, त्यात तेच साडेसात म्हणजे सव्वासात टक्क्यांच्या आत येतात. रायली गेल्या तीन-चार वर्षांत सुधारला असं मी म्हणत नाहीये (बघवत नाही काही मॅचेस), पण त्याच्या डीलला "कॅप खाणारं" म्हणणाऱ्यांनी निदान भागाकार तरी करावा. माझी सवय अशी की बातमीतला आकडा दिसला की ज्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट सुरू होतंय त्या वर्षीच्या कॅपने आधी भागायचा, मगच तोंड उघडायचं. फोनवर दहा सेकंदांचं काम आहे.

आणि उलटं पण खरंय हं. "कॅप वाढणारच आहे, द्या किती पण" हे 2019 मध्ये पण लोक बोलत होते, मग कोव्हिड आला आणि 2019-20 ते 2021-22 असे सलग तीन सीझन कॅप 81.5 वरच गोठून बसली. ज्यांनी वाढ धरून प्लॅन केले होते त्यांना चांगले चांगले प्लेअर अक्षरशः वाटून टाकावे लागले. न्यूयॉर्क आयलंडर्सनी 2020 मध्ये डेव्हन टेव्स कोलोरॅडोला दिला, बदल्यात फक्त दोन सेकंड राउंड पिक्स (नवीन पोरं निवडायच्या ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीतल्या निवडी)! का, तर पैसे बसत नव्हते. तोच टेव्स मग मकारच्या शेजारी खेळून 2022 चा स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) उचलून मोकळा.

पॉइंट्सवरून डिफेन्समन मोजणं

ही माझी नावडती चूक, आणि ही येते फॅन्टसी लीगमधून, त्यामुळे नवीन भिडूंमध्ये जास्त. एकच हिवाळा हॉकी बघून आलेले असतात, ॲप उघडून पॉइंट्सचा (गोल अधिक असिस्ट) कॉलम सॉर्ट करतात आणि झाले जीएम.

आमच्याकडे मिसिसागाला एक जण असाच, पोरगा हुशार आहे पण धीर अजिबात नाही. कॅरोलिनाने जेकब स्लेव्हिनला 8 वर्षांसाठी 6.396 मिलियनचं एक्सटेन्शन दिलं (जुलै 2024) तर हा म्हणाला, सीझनला तीसेक पॉइंट करणाऱ्याला 8 वर्षं कोण देतं. वाद घालून घसा कोरडा पडला, मग एका शनिवारी बेसमेंटमध्ये कॅरोलिनाची मॅच लावली आणि त्याला सांगितलं की एक पूर्ण पिरियड (मॅचच्या तीन भागांतला एक) पक, म्हणजे ती चकती, बघायचा नाही, फक्त 74 नंबर, म्हणजे स्लेव्हिन, बघायचा. बसला बिचारा. आणि दिसतं काय तर समोरून फॉरवर्ड वेगात येतोय, स्लेव्हिन उलटा स्केट करतोय, स्टिक लांब करून मधली पासिंग लेन बंद, बॉडी अशी लावलेली की फॉरवर्डला भिंतीकडेच जावं लागेल, ब्लू लाइनवर (आपल्या गोलकडच्या भागाच्या हद्दीवर) जागाच उरत नाही म्हणून तो पक खोल कोपऱ्यात ढकलून देतो, स्लेव्हिन वळून आधी पोचतो, खांद्यावरून एकदा मागे बघतो, सेंटरला छोटा पास, गेला पक बाहेर. पुन्हा तेच. पुन्हा तेच. पिरियड संपला तेव्हा स्लेव्हिनच्या नावापुढे गोल नाही, असिस्ट नाही, पेनल्टी पण नाही, आणि समोरच्या फर्स्ट लाइनला चार पावलं धड आत येता आलं नव्हतं. पोरगा म्हणतो, "पण काहीच झालं नाही काका." मी म्हटलं, बाबा रे, त्याचेच तर पैसे देतात! पटलं की नाही माहीत नाही, समोसे संपवून गेला. हाच स्लेव्हिन 2020-21 च्या अख्ख्या सीझनमध्ये 52 मॅचेस खेळून फक्त 2 मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसला होता, ते पण रोज समोरच्या सगळ्यात डेंजर लाइनला तोंड देऊन.

दुसरं टोक बघायचं तर एरिक कार्लसन. सॅन होजेने 2019 मध्ये 8 वर्षं, 92 मिलियन, म्हणजे वर्षाला 11.5 दिले, त्या वेळच्या कॅपच्या 14 टक्के! 2022-23 ला त्याने 101 पॉइंट्स काढले, नॉरिस ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम डिफेन्समनची) घेतली, कौतुकच आहे, आणि टीम? 82 मॅचेसमध्ये 22 विजय. त्या उन्हाळ्यात पिट्सबर्गला ट्रेड झाला, सॅन होजेने त्यातले दीड मिलियन वर्षाला आपल्या अंगावर ठेवून घेतले, आणि पुढच्या सीझनला पॉइंट्स आले 56. कार्लसन वाईट प्लेअर आहे असं कोणी म्हणू नये, माणूस पक घेऊन निघाला की बघत राहावं. पण 101 बघून "15 मिलियनचा माणूस" म्हणणारे तेव्हा आमच्यात पण होते, ते आता विषय बदलतात.

पॉइंट्स बघायचेच तर पॉवर प्लेचे (समोरचा पेनल्टीत बसलेला असताना एक माणूस जास्त घेऊन खेळताना काढलेले) बाजूला काढून बघा. पहिल्या पॉवर प्ले युनिटवर चार स्टार्सच्या मागे उभा राहिलेला डिफेन्समन दुसऱ्या टीममध्ये गेला की त्याचे आकडे उतरतात, हे कितीदा तरी झालंय.

प्लस-मायनस

प्लेअर बर्फावर असताना टीमने केलेले गोल वजा खाल्लेले गोल, तो आकडा. नका बघू. पुढे चला.

एकच डील बघणं, बाकीचा रोस्टर विसरणं

यावर सेंट लुइस ब्लूजची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 2019 ला त्यांनी फ्रँचायझीचा पहिला स्टॅन्ली कप जिंकला, कॅप्टन ॲलेक्स पिएत्रांजेलो, सातव्या मॅचचा निर्णायक गोल पण त्याचाच. त्याचं कॉन्ट्रॅक्ट 2020 ला संपणार हे सगळ्या जगाला माहीत. सप्टेंबर 2019 मध्ये ब्लूजनी कॅरोलिनाकडून जस्टिन फॉक आणला आणि लगेच 7 वर्षं, 6.5 मिलियन. फॉक पण राइट शॉट (उजव्या हाताची स्टिक, म्हणून उजवीकडे खेळणारा), पिएत्रांजेलो पण राइट शॉट, कोल्टन परेको पण राइट शॉट. सुटी सुटी डील बघितली तर फॉकचं ठीकच होतं, फॅन्सनी टाळ्या पण वाजवल्या. पण उजवीकडे जागा तीन आणि त्यातल्या दोघांना टॉप पेअरचे (पहिल्या जोडीचे) पैसे हवेत, तिसऱ्याचं नंतर यायचंय.

ऑक्टोबर 2020 ला पिएत्रांजेलोबरोबर बोलणी फिसकटली, ब्लूजनी टोरी क्रुगला 7 वर्षं 6.5 वर घेतलं, आणि कॅप्टन वेगासला गेला, 7 वर्षं 8.8. पुढच्या वर्षी परेकोला 8 वर्षं, पुन्हा 6.5. झाले साडेएकोणीस मिलियन तीन डिफेन्समनवर, आणि नंबर एकचा डिफेन्समन त्यात कोण? वेगासने त्याच्यासाठी जागा करायला नेट श्मिटला व्हँकुव्हरला दिलं, वेगासचे फॅन्स हळहळले, पण 2023 ला कप वेगासनेच जिंकला. पुढे 2025 च्या उन्हाळ्यात हिपच्या त्रासामुळे पिएत्रांजेलो खेळापासून बाजूला झाला, म्हणजे वेगासला पण शेवटची वर्षं फुकट मिळाली नाहीत. पण कप आला तो आला.

म्हणून माझी पद्धत, अगदी गावठी आहे. जुन्या पाकिटाच्या मागे सहा चौकोन काढायचे, तीन डावे तीन उजवे, त्याखाली पुढची चार वर्षं, प्रत्येकाचं नाव, कॅप हिट (कॅपमधला त्याचा वर्षाचा वाटा) आणि संपायची तारीख. कोण कधी आरएफए होतोय (कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी टीमचा हक्क राहतो), कोण यूएफए (पूर्ण मोकळा), नो-मूव्ह (त्याच्या मर्जीशिवाय हलवायचं नाही ही अट) कुणाकडे आहे, ते पेन्सिलने. कॅप-ट्रॅकिंगच्या साइटवर हे सगळं तयार मिळतं, पण तिथे बघून कळत नाही, हाताने लिहिलं की कळतं. नवीन लोकांना हे सांगितलं की "ॲप आहे ना काका" म्हणतात. असू दे ॲप.

"आत्ता दोन वर्षांचं करा, मग बघू"

ब्रिज डीलचा हा शॉर्टकट फॅन्सना फार आवडतो आणि आजचं मरण उद्यावर ढकलण्यापलीकडे बऱ्याचदा त्यात काही नसतं. मॉन्ट्रियलने जानेवारी 2013 मध्ये पी. के. सुब्बानला 2 वर्षांचे मिळून 5.75 मिलियन दिले, त्याच सीझनला गड्याने नॉरिस मारली, आणि 2014 ला सही झाली 8 वर्षं 72 मिलियनवर. वर सांगितलेला बुशार्ड पण तोच प्रकार, आधी 2 वर्षं 3.9, मग एकदम 10.5. चांगला डिफेन्समन 22-23 चा असताना त्याच्यावर विश्वास असेल तर लांबच बांधा. विश्वास नसेल तर ब्रिज करा, पण मग तो फुलला तर रडायचं नाही.

झालेल्या कामाचे पैसे देणं

शिकागोचा ब्रेंट सीब्रुक. तीन कप जिंकून दिले, शहराचा लाडका, 2015 ला 8 वर्षं 6.875, कॉन्ट्रॅक्ट सुरू होताना वय 31. डिसेंबर 2019 नंतर मॅच नाही, दुखापतींनी शरीर संपलं. कॉन्ट्रॅक्ट मात्र 2023-24 पर्यंत! जुलै 2021 ला टँपाला देऊन ते ओझं उतरवलं आणि त्याच आठवड्यात सेथ जोन्सला 8 वर्षं 9.5 वर बांधलं. काय बोलायचं. पुढे त्यालाही मार्च 2025 मध्ये फ्लोरिडाला दिलं, वर्षाला अडीच मिलियन आपल्याकडे ठेवून, आणि साडेतीन महिन्यांत तो कप घेऊन उभा. तोच माणूस साडेनऊला महाग आणि सातला चांगला.

"बायआउट करता येतं की"

व्हँकुव्हरला विचारा. ऑलिव्हर एकमन-लार्सनला 2023 मध्ये बायआउट केलं (उरलेल्या पैशांचा काही भाग देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडलं), त्याचा कॅपवरचा बोजा 2030-31 पर्यंत चालणार. त्याने मधल्या काळात फ्लोरिडात कप जिंकला आणि मग 2024 मध्ये आपल्या टोरंटोत आला.

वर्षं न बघणं

लीग आणि प्लेअर्स युनियनच्या सप्टेंबर 2026 पासूनच्या नव्या करारात स्वतःच्या प्लेअरला जास्तीत जास्त 7 वर्षं देता येतील, 8 नाही. वर्षं कमी झाली की तेच पैसे कमी वर्षांत भरायचे, वर्षाचा आकडा वर जाणारच. मकारचं डील 2026-27 नंतर संपतंय, म्हणजे त्याचं नवं 2027-28 ला सुरू होणार, आणि त्या सीझनसाठी लीगने दिलेला कॅपचा अंदाज आहे 113.5 मिलियन. त्याचे 15 टक्के म्हणजे 17. हा आकडा कधी कानावर आला तर "डिफेन्समनला 17?" असं मला फोन करून विचारू नका.