वस्तीवर आयांचा गट सुरू करताय? या चुका टाळा

बाळंतपणानंतर आयांच्या मनाला आधार म्हणून गट सुरू करताना पहिल्याच बैठकीत वही उघडू नका. फासेपारधी वस्तीवर काम करायला आलेली नवी पोरं बूड टेकायच्या आत पेन काढतात. अक्कलकोट रस्त्याकडच्या एका वस्तीवर असंच झालं. नाव, नवऱ्याचं नाव, मुलं किती, मग मोबाईल काढून फोटो. एका ओल्या बाळंतिणीने बाळ पदराखाली घेतलं आणि ती उठली. तिच्यामागे सगळ्या. नंतर कित्येक महिने तिथे कुणी बसायला तयार होईना. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली या समाजाला पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. अशा जमातींना कोंडून ठेवायच्या सोलापुरातल्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण सांगणारी माणसं आजही भेटतात. कायदा १९५२ मध्ये गेला, पण कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी वस्तीवरच येते. अशा ठिकाणी नावं लिहून घेणाऱ्या माणसाशी कोण मन मोकळं करेल?

मी पहिले काही महिने वही-पेन न घेता जाते. चहापत्ती-साखर आपली, चूल त्यांची. बैठक वस्तीवरचीच बाई चालवते, पारधी बोलीत. तिला मानधन द्याच, फुकट राबवू नका.

दुसरी चूक घाईची. तीन बैठका झाल्या की अहवालात ‘फरक’ हवा असतो. झारखंड-ओडिशात ‘एकजूट’ संस्थेने आदिवासी बायकांचे गट चालवले. महिन्याला एक बैठक, चित्रं, गोष्टी, आणि विषय बाळंतपणाचा, तान्ह्या बाळाच्या जिवाचा. मनाच्या आजारावर व्याख्यान नाही. तरी गट नसलेल्या भागांच्या तुलनेत आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी आढळलं, तेही तिसऱ्या वर्षी. ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली हे छापून आलंय. ज्यांना तीन वर्षं थांबायचं नाही, त्यांनी गट सुरूच करू नये.

बाजाराच्या दिवशी बैठक नको. सासूला हाकलू नका, तिलाही बोलायचं असतं.

बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायच्या एडिंबरो प्रश्नावलीतला दहावा प्रश्न, जिवाचं बरंवाईट करण्याचा, चारचौघींत विचारू नका. पाणी भरताना, एकटीला विचारा. बाळंतपणानंतरचं रडू बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही झोप नाही, बाळाकडे बघवत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आणि मरणाचं बोलली, तर पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही. १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, तिला एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी सोबत बसून सिव्हिलला न्या.